प्रतवारी आणि पुरावा : मुक्त ज्ञानकोशातील चित्रपट-नोंदींच्या मूल्यमापनाचा इतिहास

१

‘प्रतवारी’ हा शब्द मराठीत समीक्षेच्या परिभाषेतून आलेला नाही. तो जमिनीच्या आणि बाजाराच्या व्यवहारातून आलेला आहे. इंग्रजी अमदानीतील महसुली मोजणीत जमिनीची ‘प्रतबंदी’ होत असे आणि तिच्यावर शेतसारा ठरत असे. पिकाची ‘आणेवारी’ लावली जाई आणि तिच्यावरून दुष्काळाचा निवाडा होई. परभणी जिल्ह्यातील सेलू, मानवत यांसारख्या कापसाच्या पेठांत हा शब्द आजही जिवंत आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रावरचा ‘ग्रेडर’ धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा पाहून कापसाची प्रत लावीत असे. त्याने लावलेल्या प्रतीविषयी तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे कापूस वाईट नव्हता एवढेच नसे. प्रत लावणाऱ्याने कापसात नेमके काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हा त्याचा खरा प्रश्न असे.

ज्ञानाच्या प्रतवारीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगभरच्या स्वयंसेवी लेखकांनी मिळून उभारलेल्या विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाने आपल्या नोंदींना अक्षरांच्या व नावांच्या श्रेणी देण्याची पद्धत विकसित केली. चित्रपटविषयक नोंदी हा या कोशातील मोठा आणि सतत वाढणारा विभाग. त्या विभागातील प्रतवारीचा इतिहास पाहिला, तर तो वरवर संपादकीय तंत्राचा इतिहास वाटतो. प्रत्यक्षात तो पुराव्याच्या कल्पनेचा इतिहास आहे. कोणत्या प्रकारचा पुरावा असलेली कलाकृती ज्ञानाच्या व्यवहारात ठळक राहते आणि कोणती फिकट होत जाते, हे त्यातून दिसते. मराठी चित्रपटाच्या संदर्भात, विशेषतः मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने, या इतिहासाची छाननी होणे अगत्याचे आहे.

२

मराठीला कोशरचनेची परंपरा नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यासाठी केतकरांनी मर्यादित भांडवलाची कंपनी काढली, भागधारक आणि वर्गणीदार मिळवले आणि या सगळ्या खटाटोपाचा वृत्तांत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने स्वतंत्रपणे लिहून ठेवला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसाव्या खंडापर्यंत पोहोचण्यास सुमारे चार दशके लागली.

या दोन्ही प्रकल्पांत गुणवत्तेचा निर्णय नोंद छापण्यापूर्वी होत असे. कोणता विषय घ्यायचा, त्याला किती जागा द्यायची, तो कोणाकडून लिहून घ्यायचा आणि आलेल्या मजकुरावर कोणते संस्कार करायचे, हे संपादक ठरवीत. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव येते, संदर्भग्रंथही येतात. वाचकाला दिसते ती सिद्ध नोंद. तिच्या कपाळावर ‘उत्तम’, ‘मध्यम’ किंवा ‘अपुरी’ असा शिक्का नसतो. तसा शिक्का मारणे म्हणजे संपादकाने स्वतःच्याच निर्णयावर अविश्वास दाखवणे ठरले असते. छापील कोशातही प्रतवारी असतेच. मात्र ती नोंदीच्या लांबीत, लेखकाच्या निवडीत आणि वगळलेल्या विषयांच्या मौनात लपलेली असते.

विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. येथे नोंद आधी प्रसिद्ध होते आणि तिची पारख नंतर होते. ही पारख सर्वांसमक्ष होते, कोणीही तिच्यात भाग घेऊ शकतो आणि दिलेला दर्जा काढूनही घेता येतो. या उलटापालटीचे कारण तात्त्विक नव्हते, तर एका अपयशात होते. विकिपीडियाच्या आधी २००० मध्ये त्याच मंडळींनी ‘न्यूपीडिया’ नावाचा तज्ज्ञलिखित कोश सुरू केला होता. त्यात प्रत्येक लेखाला सात पायऱ्यांच्या परीक्षणातून जावे लागे. परिणामी काही वर्षांत जेमतेम दोन डझनांच्या आसपास लेख पूर्णत्वास गेले. आधी पारख करणारी व्यवस्था आपल्याच काटेकोरपणाखाली दबून गेली. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने परीक्षणाची पायरीच काढून टाकली, तेव्हा लेखांचा पूर आला. आणि पुरातले पाणी गाळायचे कसे, हा प्रश्न मागोमाग आला.

३

या प्रश्नाला मिळालेले पहिले उत्तर शुद्ध रसिकतेचे होते. आरंभीच्या काळात चांगल्या लेखांची एक यादी ठेवली जाई आणि तिचे नाव होते ‘ब्रिलियंट प्रोज’, म्हणजे तेजस्वी गद्य. एखाद्याला लेख आवडला की तो या यादीत जात असे. हा निकष साहित्यिक होता, हे विशेष नोंदवले पाहिजे. ज्ञानकोशाच्या लेखात प्रथम गद्य पाहिले गेले. माहितीचे आधार त्या वेळी दुय्यम होते.

२००४ च्या सुमारास या यादीची फेरतपासणी झाली आणि तिचे रूपांतर ‘फीचर्ड आर्टिकल’ या औपचारिक श्रेणीत झाले. लेख सुलिखित असावा, सर्वांगीण असावा, तटस्थ असावा, स्थिर असावा, असे निकष लेखी स्वरूपात आले. पुढील काळात त्यांत तळटीपांचा आग्रह वाढत गेला आणि पूर्वी तेजस्वी ठरलेले कित्येक लेख आधारांच्या अभावी यादीतून खाली उतरवले गेले. आस्वादाकडून पडताळणीकडे झालेला हा प्रवास मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही. आस्वादक समीक्षेच्या जागी निकषांची भाषा आली की समीक्षेची सार्वजनिकता वाढते, पण तिचा विषयही हळूहळू बदलतो. कलाकृतीविषयी बोलणे मागे पडून निकषांची पूर्तता झाली की नाही, याविषयीचे बोलणे पुढे येते.

ऑक्टोबर २००५ पासून ‘गुड आर्टिकल’ ही मधली श्रेणी आली. ‘फीचर्ड’साठी अनेकांच्या चर्चेतून मतैक्य व्हावे लागे; ‘गुड’साठी लेखनात सहभागी नसलेला एक परीक्षक पुरेसा ठरला. मात्र संपूर्ण कोशाची प्रतवारी ज्या कारणासाठी सुरू झाली, ते कारण वेगळेच होते आणि काहीसे गमतीचेही. विकिपीडियातील निवडक लेखांची एक पक्की आवृत्ती काढावी, ती तबकडीवर किंवा कागदावर घेता यावी, ही कल्पना २००३ च्या सुमारास मांडली गेली आणि त्यासाठी पुढे एक संपादकीय गट स्थापन झाला. कोणते लेख घेण्याजोगे आहेत हे कळण्यासाठी सर्व लेखांना प्रत लावणे भाग पडले. त्यातून स्टब, स्टार्ट, बी, गुड, ए, फीचर्ड अशी शिडी तयार झाली. २००८ मध्ये तीत ‘सी’ ही पायरी घालण्यात आली. २००६ पासून या प्रतींचे तक्ते यंत्राद्वारे बनू लागले. २००७ मध्ये सुमारे दोन हजार लेखांची एक तबकडी निघालीही. म्हणजे अखंड बदलत राहणाऱ्या कोशातील प्रतवारीचा उगम स्थिर, छापील कोशाच्या ओढीत आहे. ती पक्की आवृत्ती कोशाच्या व्यवहारात पुढे गौण ठरली. तिच्यासाठी उभारलेली शिडी मात्र कायम राहिली आणि स्वतःच एक साध्य बनली.

याच सुमारास भारतीय उच्च शिक्षणातही अक्षरांच्या श्रेणींचा व्यवहार रुजत होता. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने महाविद्यालयांना श्रेणी देण्यास प्रारंभ केला. कागदावर दाखवता येईल तेच गुणवत्ता म्हणून मोजले जाण्याचा अनुभव प्राध्यापकवर्गाला त्यामुळे चांगलाच परिचयाचा झाला. दोन्ही व्यवस्थांचा परस्परांशी संबंध नाही. पण काळाची वृत्ती एकच आहे.

४

इंग्रजी विकिपीडियावरील चित्रपट-नोंदींची प्रतवारी पाहणारा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि भारतीय चित्रपटांसाठी त्याचा एक उपगट आहे. ‘बी’ प्रतीसाठी सहा गोष्टी तपासल्या जातात : पुरेसे संदर्भ, विषयाची व्याप्ती, मांडणी, भाषा, चित्रे व चौकटीसारखे साहाय्यक साहित्य, आणि सामान्य वाचकाला होणारे आकलन. चित्रपटाच्या लेखाचा आराखडाही ठरलेला आहे. प्रास्ताविक, कथानक, कलावंत, निर्मिती, प्रदर्शन, प्रतिसाद हे त्याचे प्रमुख भाग. कथानक सर्वसाधारणपणे चारशे ते सातशे शब्दांत सांगावे आणि त्याला वेगळा संदर्भ देण्याची गरज नाही, कारण चित्रपट हाच त्याचा आधार मानला जातो. अन्य प्रत्येक विधानाला मात्र प्रसिद्ध झालेला, विश्वसनीय आणि शक्यतो दुय्यम स्वरूपाचा आधार हवा.

या आराखड्यामागे एक विशिष्ट चित्रपटव्यवहार गृहीत धरलेला आहे. त्या व्यवहारात निर्मितीच्या काळात मुलाखती छापून येतात, प्रदर्शनाचा दिवस निश्चित असतो, पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रांतून परीक्षणे येतात, तिकिटांच्या उत्पन्नाचे आकडे जाहीर होतात आणि परीक्षणांची बेरीज करणारी संकेतस्थळे असतात. अमेरिकेतील चित्रपटाची नोंद या आराखड्यात सहज बसते, कारण तो आराखडा त्या व्यवहाराच्या अंगावरूनच बेतलेला आहे. नोंदीस चित्रपट पात्र आहे की नाही हे ठरवतानाही, त्याला व्यापक प्रदर्शन मिळाले का आणि राष्ट्रीय ख्यातीच्या किमान दोन समीक्षकांनी त्याचे सविस्तर परीक्षण केले का, अशी पृच्छा होते. ‘राष्ट्रीय ख्याती’ हा शब्दप्रयोग एकभाषिक देशात निरुपद्रवी असतो. भारतात मात्र तो व्यवहारात ‘इंग्रजीतून लिहिणारा’ या अर्थाकडे सरकतो. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेच्या मांडणीत उपस्थित केलेला प्रश्न, म्हणजे मूल्यमापनाचे निकष कोणाच्या भूमीतून उगवतात हा प्रश्न, येथे अत्यंत मूर्त स्वरूपात समोर येतो.

येथे तीन भिन्न गोष्टींची सरमिसळ टाळली पाहिजे. चित्रपटाचे मूल्य ही एक गोष्ट, चित्रपटावरील नोंदीचे मूल्य ही दुसरी, आणि त्या नोंदीला उपलब्ध असलेल्या पुराव्याचे प्रमाण ही तिसरी. प्रतवारी करणारे सांगतात की ते केवळ दुसरी गोष्ट मोजतात. सिद्धान्ततः हे खरे आहे. सामान्य चित्रपटावर उत्कृष्ट नोंद असू शकते आणि थोर चित्रपटावर दरिद्री. परंतु व्यवहारात दुसरी गोष्ट तिसरीने बांधलेली असते. पुरावा नसेल तर नोंदलेखक कितीही व्युत्पन्न असला तरी ‘स्टार्ट’च्या पुढे जाणे त्याला अवघड होते. आणि वाचकाच्या मनात तिसरी गोष्ट नकळत पहिलीवर जाऊन बसते : ज्याची नोंद दीड ओळीची, तो चित्रपटही दीड ओळीच्या योग्यतेचा.

एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. चित्रपट-प्रकल्पाने गुणवत्तेची प्रत ठेवली, पण ‘महत्त्वा’ची प्रत लावण्याचा अन्य प्रकल्पांतील रिवाज स्वीकारला नाही. कोणता चित्रपट अधिक महत्त्वाचा हे सामुदायिक मताने ठरवण्यातील धोका तेथे ओळखला गेला, असे यावरून म्हणता येते. तथापि महत्त्वाचा निर्णय टाळला म्हणून तो होत नाही असे नव्हे. उपलब्ध पुराव्याच्या वाटेने तो आपोआप होतो.

५

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून वारकरी परंपरेत मान्यता पावलेले आहे. नामदेवांच्या घरची दासी आणि मराठीतील श्रेष्ठ कवयित्री असलेल्या या संत स्त्रीवर १९४९ मध्ये ‘संत जनाबाई’ हा मराठी चित्रपट निघाला. त्यात हंसा वाडकर यांनी जनाबाईची भूमिका केली. त्यापूर्वी प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये (१९४१) त्या सखू झाल्या होत्या. या चित्रपटाची नोंद मुक्त ज्ञानकोशाच्या शिडीवर चढवायची झाली, तर काय घडते ते पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण ‘कथानका’ची. संतपटाचे कथानक प्रेक्षकाला चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच ठाऊक असते. जनीसोबत विठ्ठल दळू लागतो, हे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना चित्रपटाने सांगितलेले नाही; ते जात्यावरच्या ओव्यांनी आणि कीर्तनांनी सांगितलेले आहे. सातशे शब्दांचे कथानक लिहिले म्हणजे चित्रपटाचा गाभा सांगितला, हे गृहीतक रहस्यपटाला लागू पडेल. संतपटात गाभा पुनःप्रत्ययाचा असतो. परिचित प्रसंग पडद्यावर कसा साकारला, अभंग कोणत्या चालीत आला, प्रेक्षागृहाने त्याला भक्तीने प्रतिसाद दिला की करमणूक म्हणून, हे तेथील खरे प्रश्न. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची चर्चा केली आहे. संतपट या दोन ध्रुवांच्या मधोमध उभा असतो आणि आराखड्यातील कोणताही मथळा त्या मधल्या जागेला नाव देत नाही.

दुसरी अडचण ‘प्रतिसादा’ची. १९४९ मध्ये परभणी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशात मोडत होते. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईने निजामी राजवट संपली होती, तरी मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मराठी चित्रपटांविषयी लिहिणारी नियतकालिके प्रामुख्याने पुणे-मुंबईत निघत. निजामी राजवटीत मराठी वृत्तपत्र चालवणे हेच साहस होते. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ला बंदीमुळे वेगवेगळ्या नावांनी निघावे लागले. अशा पत्रांची शक्ती राजकीय लढ्यात खर्ची पडणे स्वाभाविक होते. चित्रपटाच्या परीक्षणाची अपेक्षा त्यांच्याकडून करणे गैर ठरेल. परिणामी जनाबाईच्या गावच्या प्रेक्षकाने जनाबाईचा चित्रपट कसा पाहिला, याला ज्ञानकोशाच्या व्याख्येत बसणारा ‘प्रतिसाद’ उरला नाही. प्रतिसाद झाला नसेल असे नव्हे. तो छापला गेला नाही. परभणीत राहून लिहिणाऱ्या बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांच्यासारख्या समर्थ लेखकाकडेही पुण्या-मुंबईच्या समीक्षेचे लक्ष उशिराच गेले. जेथे लेखकांची ही स्थिती, तेथे प्रेक्षकांच्या मताची नोंद कोण ठेवणार?

तिसरी अडचण ‘प्रदर्शना’ची. खेड्यातील मराठी प्रेक्षकाला चित्रपट भेटला तो बहुधा जत्रेत, फिरत्या तंबूत. चित्रपट प्रथम प्रदर्शित झाल्यावर कित्येक वर्षांनीही तो तंबूतून फिरत राही. पहिल्या आठवड्याचे उत्पन्न विचारणाऱ्या आराखड्यात या दीर्घ आयुष्याला स्थान नाही. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, तेव्हा या व्यवहाराला जागतिक प्रसिद्धी मिळाली. म्हणजे तंबूवरील माहितीपटाची नोंद भक्कम आधारांवर उभी राहू शकते. तंबूत दाखवल्या गेलेल्या चित्रपटांच्या प्रवासाची मात्र नाही.

असाच विपर्यास हंसा वाडकर यांच्याबाबत घडलेला दिसतो. त्यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट १९७७ मध्ये आला. स्मिता पाटील यांना त्यातील अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘भूमिका’विषयी इंग्रजीत विपुल लिहिले गेले. त्यामुळे ज्ञानकोशाच्या दृष्टीने नटीच्या जीवनावरील चित्रपट संपन्न ठरतो, आणि ज्या चित्रपटांमुळे ती नटी झाली ते विपन्न. प्रतिबिंबाला पुरावा आहे, बिंबाला नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’कडे पाहता येईल. २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात सन्मान, त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, देशोदेशींच्या वृत्तपत्रांत परीक्षणे, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका : नोंदलेखकाला हवे ते सर्व येथे हाताशी आहे. ‘कोर्ट’ची योग्यता निर्विवाद आहे. परंतु त्याची नोंद समृद्ध होणे हे त्या योग्यतेइतकेच महोत्सवांच्या व्यवस्थेचे फलित आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’लाही (१९३६) व्हेनिसच्या गौरवाने असाच आधार मिळवून दिला होता. मराठी संतपटांच्या मोठ्या परंपरेतून जागतिक कोशात ठळक राहिला तो परदेशी शिक्का मिळालेला चित्रपट.

यात भर पडते ती प्रत्यक्ष चित्रफितींच्या नाशाची. भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे टिकून राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर बरेच काही गेलेले होते. आणि जानेवारी २००३ मधील आगीत नायट्रेटच्या अनेक जुन्या फिती भस्मसात झाल्या. कथानकाला चित्रपट हाच आधार, हा नियम चित्रपट उपलब्ध असेपर्यंतच अर्थपूर्ण असतो. दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट अभ्यासता येतात ते अंशतः त्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला लिहून ठेवली म्हणून. ज्या चित्रकर्त्याने लिहिले नाही, त्याचा चित्रपट जळाल्यावर त्याच्या नोंदीला काही उरत नाही.

६

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाली. तेथील संपादकांनी घडवलेली परिभाषा ही मराठी गद्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे. चर्चेच्या सामायिक पानाला ‘चावडी’, सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’, मत घेण्याला ‘कौल’ असे शब्द रूढ झाले. यांतील ‘कौल’ हा शब्द विशेष अर्थगर्भ आहे. ग्रामदैवताला कौल लावताना निर्णय देवाकडे सोपवलेला असतो आणि प्रश्न गावाचा असतो. मुखपृष्ठावर सदर म्हणून कोणता लेख झळकावा याचा कौल घेण्यात पंक्तीतील सर्वांचा मान राखण्याची ग्रामीण रीत आहे. अक्षरांच्या शिडीतील तपासनिसाची वृत्ती तीत नाही. लेख ‘बी’ आहे की ‘सी’ याची काथ्याकूट मराठीत फारशी रुजली नाही, याचे एक कारण सक्रिय संपादकांची तोकडी संख्या हे आहे. दुसरे कारण या वृत्तीत शोधावे लागेल.

तथापि मराठी चित्रपटांवरील मराठी नोंदींची स्थिती समाधानकारक नाही, हे मान्य केले पाहिजे. अनेक पानांवर चित्रपटाचे वर्ष आणि कलावंतांची यादी एवढाच ऐवज असतो. ‘पार्श्वभूमी’, ‘कथानक’, ‘उल्लेखनीय’ असे मथळे मांडलेले असतात आणि त्यांखाली काही नसते. हे रिते मथळे म्हणजे एका अपेक्षेचे अवशेष आहेत. कोणीतरी आराखडा उभा केला, भिंती कोणीतरी बांधेल या विश्वासाने. इंग्रजी शिडीवर या नोंदी सर्वांत खालच्या पायरीवर राहतील. पण त्या तेथे राहण्याचा दोष इंग्रजी निकषांवर ढकलून मराठी अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही. जुन्या मराठी नियतकालिकांतील चित्रपटविषयक लेखन ग्रंथालयांत आहे; ते वाचून नोंदीत आणण्याचे काम कोणत्याही परकीय निकषाने अडवलेले नाही. आशीष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय चित्रपटाचा इंग्रजी कोश १९९४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जुन्या भारतीय चित्रपटांच्या नोंदींना एक भक्कम आधार मिळाला. एका संशोधनग्रंथाने किती नोंदींचे भाग्य बदलू शकते, याचा तो दाखला आहे.

मौखिक पुराव्याचा प्रश्न मात्र निकषांच्या मुळाशी भिडतो. २०११ मध्ये अचल प्रभला यांच्या पुढाकाराने भारत आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला. ज्या ज्ञानाला छापील आधार नाही, ते जाणकारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींच्या आधारे कोशात आणावे, अशी त्यामागील भूमिका होती. इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणाने ती सरसकट स्वीकारली नाही आणि त्यामागे कारण होते. आठवण पडताळून पाहण्याची सोय वाचकाला असली पाहिजे. नाहीतर कोश आणि वदंता यांत भेद उरणार नाही. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु आठवणीचे संकलन, तुलना आणि चिकित्सा करून ते प्रसिद्ध करणे हे काम कोशाचे नसून संशोधनसंस्थांचे आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. संशोधनाने ते केले की कोशाला ते घेण्यास मनाई नाही.

७

प्रतवारीचा अगदी अलीकडचा अध्याय यंत्राचा आहे. २०१५ मध्ये लेखाची प्रत वर्तवणारी एक संगणकीय प्रणाली कार्यान्वित झाली. माणसांनी लावलेल्या प्रती हेच तिचे शिक्षण. मजकुराची लांबी, संदर्भांची संख्या, मथळे, चित्रे, दुवे अशा मोजता येण्याजोग्या खुणांवरून ती लेखाची प्रत सांगे. पुढे कोणत्याही भाषेला लावता येईल अशी भाषानिरपेक्ष पद्धतही तयार झाली. ‘तेजस्वी गद्य’पासून सुरू झालेला प्रवास असा गद्य न वाचणाऱ्या परीक्षकापाशी येऊन पोहोचला. यंत्राचा दोष असा नाही की ते चुकते. बहुतेक वेळा त्याचा अंदाज माणसांच्या अंदाजाच्या जवळ जातो. विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. माणसांची प्रतवारी यंत्राला इतकी सहज जमत असेल, तर माणसेही बव्हंशी त्याच खुणा मोजीत होती, असा निष्कर्ष टाळता येत नाही.

आता हेच मुक्त कोश भाषिक यंत्रणांचे खाद्य बनले आहेत. विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर पुष्कळदा या नोंदींतून झिरपलेले असते. ज्या चित्रपटाची नोंद रिती, त्याविषयीचे उत्तरही रिते किंवा रचलेले. म्हणून प्रतवारीचा प्रश्न स्वयंसेवी संपादकांच्या आपसातील चर्चेपुरता उरत नाही. मराठी चित्रपटाची स्मृती पुढच्या पिढीपर्यंत कोणत्या आकारात पोहोचेल, याच्याशी तो जोडला गेला आहे.

या स्थितीत निकष शिथिल करा अशी मागणी करणे हा सोपा पण आत्मघातकी मार्ग होय. आधाराविना लिहिलेली नोंद प्रदेशाभिमानाला सुखावते आणि दुसऱ्या दिवशी उडवली जाते. उडवली गेली नाही तर त्याहून वाईट, कारण ती खोटी असूनही टिकते. निकषांतच एक वाट आहे. इंग्रजी कोशाच्या पात्रतेच्या नियमांत चित्रपटाची राष्ट्रीय संग्रहालयाने जतनासाठी केलेली निवड आणि प्रदर्शनानंतर पाच वर्षांनी वा अधिक काळाने प्रसिद्ध झालेले गंभीर लेखन, यांनाही वजन दिलेले आहे. म्हणजे पहिल्या आठवड्यातील परीक्षणे नसली, तरी उशिरा झालेला अभ्यास चित्रपटाला न्याय मिळवून देऊ शकतो. हा अभ्यास विद्यापीठांनी करायचा आहे. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. गोदाकाठच्या गावांतील चित्रपट-प्रदर्शनाचा इतिहास, संतपटांचा वारकरी परंपरेशी असलेला संबंध, हैदराबाद संस्थानातील मराठी नियतकालिकांतील कलाविषयक मजकूर, हे विषय पदव्युत्तर प्रबंधिकांच्या आवाक्यातील आहेत. त्यांतून सिद्ध झालेले लेखन चिकित्सक नियतकालिकांत आले, की ज्ञानकोशाला तो आधार नाकारता येणार नाही.

कापसाच्या प्रतवारीविरुद्ध तक्रार करणाऱ्या शेतकऱ्यापुढे दोन मार्ग असत. ग्रेडरशी भांडण हा एक. वेचणीच्या वेळीच कापसातील कचरा काढून, त्याला ओल लागू न देता तो केंद्रावर आणणे हा दुसरा. पहिला मार्ग अन्यायाची जाणीव जिवंत ठेवतो आणि म्हणून तो सोडून चालत नाही. ‘राष्ट्रीय ख्याती’सारख्या निकषातील भाषिक पक्षपात दाखवून देत राहणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे. पण प्रत बदलते ती दुसऱ्या मार्गाने. मुक्त कोशातील श्रेणी ही अंतिम निवाडा नसून एका विशिष्ट दिवशी उपलब्ध असलेल्या पुराव्याची पावती असते. ‘संत जनाबाई’च्या पावतीवर आज जे अक्षर असेल, ते त्या चित्रपटाविषयी फार थोडे सांगते. त्या चित्रपटाविषयी मराठी अभ्यासाने आजवर किती लिहिले, हे मात्र ते बिनचूक सांगते.